पोच हातात पडल्याशिवाय माणूस घरी जाऊ शकत नाही

प्रति,
सार्वजनिक सेवांची संकेतस्थळे आणि ॲप आखणारे, बांधणारे, तपासणारे आणि त्यांना मंजुरी देणारे सर्व तंत्रज्ञ व अधिकारी यांस,

विषय: अर्जाच्या शेवटी दिसणारी स्क्रीन, मिळणारी पोच आणि बाहेर पडण्याची वाट यांबाबत.

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी एका तालुक्याच्या गावी गेली बारा वर्षे नागरिकांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रीमिलेयर, सातबारा, शिष्यवृत्ती, पीकविमा, वीजबिल अशी दिवसाला तीस-चाळीस कामे आमच्या दोन संगणकांवरून होतात, आणि जून-जुलैत प्रवेशाचे दिवस आले की त्याच्या दुप्पट होतात. तुम्ही आखलेली स्क्रीन तुम्ही एकदा तपासून पुढच्या कामाला लागता. मी तीच स्क्रीन वर्षभर, रोज, वेगवेगळ्या माणसांना शेजारी बसवून पाहते. या पत्रात जे लिहिते आहे ते त्या पाहण्यातून आलेले आहे.

या बारा वर्षांत अर्जाची सुरुवात खूप सुधारली. नोंदणी सोपी झाली, ओटीपीने प्रवेश मिळू लागला, बरेचसे अर्ज मराठीत आले, कोणती कागदपत्रे लागतील याची यादी आधीच दिसू लागली. त्याबद्दल मनापासून आभार मानते, कारण जुने दिवस मी पाहिले आहेत. शेवटाकडे मात्र तेवढे लक्ष गेलेले नाही. शेवटचे बटण दाबल्यानंतर काय दिसते, माणसाच्या हातात काय पडते आणि तो तिथून सुखरूप बाहेर कसा पडतो, या तीन गोष्टी अजूनही नशिबावर सोडल्यासारख्या आहेत.

मागच्या वर्षीच्या जूनमधली एक गोष्ट सांगते. एक आई मुलीच्या प्रवेशासाठी दाखल्याचा अर्ज करायला आली. मजुरीचा दिवस मोडून आली होती. सर्व माहिती भरली, कागदपत्रे चढवली, शुल्क भरण्याचे बटण दाबले. तिच्या मोबाइलवर पैसे वजा झाल्याचा संदेश आला आणि त्याच क्षणी आमच्या संगणकावरची स्क्रीन पांढरी झाली. मधोमध एक फिरणारे वर्तुळ होते, त्याखाली ‘मागे जाऊ नका, पान रिफ्रेश करू नका’ असे लिहिलेले होते. आम्ही अकरा मिनिटे थांबलो. मग एक इंग्रजी ओळ आली, तिचा अर्थ ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’ एवढाच होता. अर्ज क्रमांक नव्हता, पावती नव्हती. ‘माझे अर्ज’ या यादीत काहीच दिसत नव्हते. मी तिला विचारले की पुन्हा भरू का, कारण मुदतीला तीनच दिवस राहिले होते. ती म्हणाली, ‘ताई, तुम्हाला काय वाटतं ते करा.’ मी पुन्हा भरला. या वेळी सगळे सुरळीत झाले, पावती आली, पैसे दुसऱ्यांदा गेले.

आठवड्याभराने तिच्या मोबाइलवर संदेश आला की आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे. कोणता अर्ज, कोणत्या कारणाने, पुढे काय करायचे, यातले काहीही त्यात नव्हते. दाखला मिळाला नाही असे समजून तिने मुलीला त्या वर्षी राखीव जागेवर अर्ज करू दिला नाही. पुढे दुसऱ्या कामाला ती आली तेव्हा मी शोध घेतला. पहिला अर्ज त्या पांढऱ्या स्क्रीनच्या मागे व्यवस्थित दाखल झालेला होता, मंजूरही झाला होता, आणि सही झालेला दाखला नऊ दिवस तिच्या खात्यात पडून होता. नामंजूर झाला होता तो दुसरा, ‘दुबार अर्ज’ म्हणून. यंत्रणेने आपले काम चोख केले होते, अधिकाऱ्याने नियमाप्रमाणेच निर्णय दिला होता. झालेले काम त्या आईपर्यंत पोचले नाही, एवढेच घडले होते. दुसरा अर्ज भरण्याचा निर्णय माझा होता, त्यामुळे ती जागा मोकळी राहिली याचे वाईट मला अजून वाटते.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवली आहे. अर्जाच्या शेवटी जी स्क्रीन येते तिच्यावर नेमके काय लिहिले होते ते मी त्यात उतरवते. त्या वहीवरून माझ्या लक्षात आलेली पहिली गोष्ट अशी की कोणत्याही अर्जाचे शेवट तीन असतात: काम झाले, काम झाले नाही, आणि झाले की नाही ते अजून कळलेले नाही. पहिल्या दोन शेवटांसाठी तुम्ही स्क्रीन आखलेली असते. हिरवी खूण आणि लाल फुली. तिसऱ्यासाठी बहुतेक ठिकाणी काहीच आखलेले नसते, त्यामुळे तो शेवट पांढरी स्क्रीन, फिरणारे वर्तुळ किंवा ‘काहीतरी चुकले’ या रूपाने येतो. आमच्या गावात वीज जाते, नेटवर्क तुटते, बँकेचा सर्व्हर उत्तर द्यायला वेळ लावतो. इथे तिसरा शेवट रोज येतो.

आणि माणसाला सर्वांत महाग पडतो तोही हाच. काम झाले नाही असे स्पष्ट कळले तर तो पुन्हा करतो. कळलेच नाही तर तो एकतर दुबार करतो किंवा सोडून देतो, आणि दोन्हींत त्याचे नुकसान आहे. ‘झाले की नाही ते तपासत आहोत, आपले पैसे पोचले आहेत, आपला तात्पुरता क्रमांक हा आहे, उद्या दुपारपर्यंत या क्रमांकावर संदेश येईल, तोपर्यंत पुन्हा अर्ज करू नका’ एवढे पाच वाक्यांचे प्रामाणिक उत्तर त्या आईला मिळाले असते, तर ती शांतपणे घरी गेली असती.

पैशांच्या बाबतीत हा तिसरा शेवट रिझर्व्ह बँकेने ओळखलेला आहे, हे इथे मुद्दाम सांगते. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात तिने फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या. यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे समोरच्याला पोचले नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदाराला दिलेले पैसे अडकले तर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. ‘कळले नाही’ या अवस्थेला मुदत लावली, म्हणून आज गावातला माणूस अडकलेल्या पैशांसाठी पूर्वीइतका घाबरत नाही. अर्जांच्या बाबतीत तसे का होऊ नये? पैसे आले आणि अर्ज सापडत नाही, असे यंत्रणेला दिसले तर किती तासांत ती स्वतःहून जुळवणी करील, हे त्या स्क्रीनवर लिहिणे कठीण नाही.

दुबार अर्जाचा उपायही तुमच्या व्यवसायाला नवा नाही. माझा भाचा याच क्षेत्रात काम करतो. त्याने मला समजावून सांगितले की अर्ज उघडताच त्याला एक खूणक्रमांक देता येतो, आणि तोच खूणक्रमांक घेऊन तीच विनंती दहा वेळा आली तरी यंत्रणा ती एकदाच नोंदवते व प्रत्येक वेळी तेच उत्तर परत देते. मग ‘मागे जाऊ नका, रिफ्रेश करू नका’ ही ताकीद लिहावीच लागत नाही. या ताकिदीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. एका बोटाच्या चुकीने माणसाचे पैसे आणि अर्ज दोन्ही अधांतरी लटकत असतील, तर ती चूक सांभाळण्याची जबाबदारी त्या माणसावर टाकणे अन्यायाचे आहे. तो आधीच घाबरलेला असतो. त्याचा हात माउसवरून काढून मांडीवर ठेवलेला मी पाहिला आहे, जणू हललो तरी काही बिघडेल.

भाच्यानेच सांगितलेली आणखी एक गोष्ट मला फार आवडली. संगणकावर प्रोग्राम संपतो तेव्हा तो आपल्यामागे एक आकडा ठेवून जातो. शून्य म्हणजे काम नीट झाले, दुसरा कोणताही आकडा म्हणजे काहीतरी अडले. शिवाय निकाल आणि तक्रार यांच्या वाटा वेगळ्या असतात. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत १९७० च्या दशकात युनिक्स ही संगणकप्रणाली घडत होती तेव्हा दोन्हींची वाट एकच होती, त्यामुळे छपाईच्या महागड्या यंत्रावर मजकुराऐवजी चूक कळवणारा संदेशच सुबक टाइपात छापून येई. कागद वाया जाऊ लागले तेव्हा त्यांनी चूक कळवणाऱ्या संदेशांना स्वतंत्र वाट करून दिली. म्हणजे दोन प्रोग्रामांनी एकमेकांचा निरोप कसा घ्यावा याची शिस्त तुमच्याकडे पन्नास वर्षांपासून आहे. तीच शिस्त शेवटच्या स्क्रीनवर माणसाच्या वाट्याला यावी, एवढीच माझी मागणी आहे.

चूक कळवणारा संदेश अर्थहीन असला की काय होते याचे एक फार दुःखद उदाहरण तुमच्या अभ्यासक्रमांत शिकवतात असे ऐकते. थेरॅक-२५ नावाचे किरणोपचाराचे यंत्र होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याच्या सहा दुर्घटना झाल्या, रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण बसले, काहींचा जीव गेला. टेक्सासमधल्या दुर्घटनेत स्क्रीनवर ‘मालफंक्शन ५४’, म्हणजे ‘बिघाड ५४’, एवढेच आले. त्याचा अर्थ यंत्र चालवणाऱ्या बाईंना समजेल असा कुठे लिहिलेला नव्हता, आणि असे संदेश दिवसभरात इतक्या वेळा येत की ‘पी’ हे बटण दाबून पुढे जाण्याची सवय पडलेली होती. आमच्या दाखल्यांची त्या यंत्राशी बरोबरी होत नाही, हे मला समजते. पण अर्थ नसलेला संदेश वारंवार येत राहिला की माणूस वाचणेच सोडतो, हे मी माझ्या टेबलावर रोज पाहते. लोक स्क्रीनकडे बघतच नाहीत, माझ्या चेहऱ्याकडे बघतात.

आता पोचेविषयी. जुन्या कचेरीत अर्ज दिला की बारनिशीचा कारकून आपल्या प्रतीवर शिक्का मारून, तारीख घालून, आवक क्रमांक लिहून द्यायचा. लोक ती प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर्षानुवर्षे जपत. त्या शिक्क्यात चार गोष्टी होत्या: कोणी घेतले, काय घेतले, कधी घेतले, कोणत्या क्रमांकाने घेतले. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने हीच गोष्ट कायद्यात आणली. अर्ज मिळाल्याची पोच, तिच्यावर अर्जाचा क्रमांक आणि सेवा देण्याची मुदत. अर्ज फेटाळला तर त्याची कारणे लेखी. आणि अपील कोणाकडे व किती दिवसांत करायचे याची माहिती. पहिले अपील तीस दिवसांत करता येते. आता असा विचार करा, की कारण आणि क्रमांक नसलेला ‘नामंजूर’ हा एका ओळीचा संदेश ज्याला आला, त्याचे तीस दिवस कधी सुरू झाले आणि कधी संपले हे त्याला कसे कळावे? स्क्रीनवरची एक ओळ आखताना तुम्ही नागरिकाचा हक्क त्याच्यापर्यंत पोचू देत असता किंवा वाटेत अडवत असता. म्हणून ही ओळ कोणा नवशिक्याने शेवटच्या दिवशी घाईत लिहू नये, अनुभवी माणसाने विचार करून लिहावी.

मोबाइलवरचे संदेश इंग्रजीत का येतात, असे मी एकदा विचारले तेव्हा मराठी संदेश महाग पडतो असे उत्तर मिळाले. ते खोटे नाही. इंग्रजी अक्षरांच्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीच्या एका एसएमएसमध्ये ७०, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. मजकूर ७० च्या पुढे गेला की एकाचे दोन संदेश होतात. पण इंग्रजी वाक्याचे शब्दशः भाषांतर करून ते लांबवायचे आणि मग लांब होते म्हणून इंग्रजीच पाठवायचे, हा मार्ग बरोबर नाही. ‘दाखला तयार आहे. अर्ज क्र.’ आणि पुढे क्रमांक, एवढे सहज सत्तरात बसते. ‘अर्ज नामंजूर. कारण: दुबार. पहिला अर्ज चालू आहे.’ हेही बसते, आणि हाच एक संदेश त्या आईला आला असता तर पुढचे काहीच घडले नसते. मराठी थोडक्यात बोलू शकते. ते काम भाषांतराच्या यंत्राकडे न देता मराठी लिहिणाऱ्या माणसाकडे द्यावे.

हातात पडणाऱ्या कागदाचे दुखणे याहून मोठे आहे. स्क्रीनवर नाव बरोबर दिसते, आणि पीडीएफ काढली की बिघडते. कारण आता मला माहीत झाले आहे. युनिकोड या संगणकावर अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ‘कि’ लिहिताना आधी क साठवला जातो, मग वेलांटी; दाखवताना मात्र वेलांटी अक्षराच्या आधी काढावी लागते. हे जुळवून देणारा भाग पीडीएफ तयार करणाऱ्या प्रोग्राममध्ये नसेल तर ‘किरण’चे ‘करिण’ होते, ‘विजय’चे ‘वजिय’ होते, आणि ‘लक्ष्मी’मधली जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडतात. मी असा एक दाखला हातात घेतलेला आहे, ज्यावर सही डिजिटल होती, क्यूआर कोड होता, मुदत होती, आणि मुलाचे नाव वाचता येत नव्हते. पडताळणी करणाऱ्याने तो परत पाठवला. त्याचा दोष म्हणता येत नाही, त्याच्यापुढे वेगळ्याच नावाचा कागद होता. तुमच्यापैकी कोणी तरी तो दाखला पाठवण्यापूर्वी एकदा छापून वाचला असता तर हे लगेच दिसले असते. पण बहुतेक वेळा तपासणी फाइल तयार झाली की संपते, त्यातला मजकूर कोणी वाचत नाही. एक विनंती करते: तपासणीच्या यादीत ‘क्षितिजा’, ‘श्रीकृष्ण’, ‘हृषीकेश’, ‘ज्ञानेश्वर’, ‘किरण’ ही पाच नावे कायमची ठेवा, आणि प्रत्येक बदलानंतर कागदावर छापून एखाद्या मराठी माणसाला मोठ्याने वाचायला लावा. दहा मिनिटांचे काम आहे.

यानंतर बाहेर पडण्याची वाट. तुम्ही स्क्रीन आखताना एका माणसाचा एक मोबाइल डोळ्यांपुढे ठेवता, असे मला वाटते. आमच्याकडे एका संगणकावर दिवसभरात पंधरा-वीस माणसे बसतात, आणि घरोघरी एका मोबाइलवर चार माणसांचे काम चालते. अशा ठिकाणी लॉगआउटचे बटण हे दाराच्या कडीसारखे आहे. ते मला अनेक ठिकाणी वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्राखाली, त्यातल्या यादीत सर्वांत शेवटी, कधी स्क्रीनच्या बाहेर सरकलेले सापडते. काम झाले या आनंदात माणूस खुर्चीवरून उठतो. मागून बसणाऱ्याला आधीच्याचे नाव, पत्ता, उत्पन्न, बँक खात्याचे शेवटचे आकडे असे सगळे समोर दिसते. एकदा तर घाईत दुसऱ्याचा अर्ज पहिल्याच्या खात्यातून दाखल झाला, आणि तो सुधारायला मला तीन आठवडे लागले.

माणूस विसरतो तो निष्काळजी असतो म्हणून नव्हे. ज्यासाठी आलो ते हातात पडले की मन पुढच्या कामाला लागते. एटीएम आखणाऱ्यांना हे फार आधी कळले. सुरुवातीच्या अनेक यंत्रांतून आधी पैसे यायचे आणि मग कार्ड. पैसे हातात आले की लोक निघून जात आणि कार्ड यंत्रातच राहून जाई. मग क्रम उलटा केला गेला, कार्ड काढून घेतल्याशिवाय पैसे यायचे नाहीत. लोकांना शिकवावे लागले नाही, पाटी लावावी लागली नाही, फक्त क्रम बदलला. शेवटच्या स्क्रीनचाही असाच क्रम लावता येईल. शुल्क भरण्याच्या आधी अर्ज क्रमांक मोबाइलवर जावा, म्हणजे पुढे काहीही तुटले तरी धागा हातात राहील. पावती उघडताना त्याच पानावर मोठ्या अक्षरांत ‘पावती घेऊन बाहेर पडा’ असे एकच बटण असावे, जे फाइल देईल आणि खातेही बंद करील. ‘हा संगणक माझा नाही’ असा एक चौकोन प्रवेशाच्या वेळीच असावा.

उतरवलेल्या फाइलींचे काय होते तेही सांगते, कारण ते तुम्हाला तुमच्या जागेवरून दिसत नाही. आमच्या संगणकाच्या ‘डाउनलोड’मध्ये दिवसअखेर शंभरेक फाइली असतात. आधारकार्डे, पासबुकाची पाने, गुणपत्रके, मृत्यूचे दाखले. मी रोज रात्री केंद्र बंद करण्यापूर्वी त्या पुसते, हे माझे व्रत आहे म्हणा. सगळीकडे असे कोणी पुसत असेल याची खात्री मला नाही. कागदपत्र अर्जाला जोडले गेले की त्या संगणकावरची प्रत काढून टाकण्याची आठवण स्क्रीनने द्यावी. आणि तयार झालेला दाखला संगणकावर न उतरवता थेट माणसाच्या मोबाइलवर किंवा डिजिलॉकरमध्ये जाण्याची सोय शेवटच्या पानावर पहिल्या क्रमांकाने असावी.

वेळ संपून बाहेर फेकले जाण्याबद्दल थोडक्यात लिहिते. सुरक्षेसाठी काही मिनिटांनी खाते बंद होणे मला मान्य आहे. पण आजोबा पासबुकावरचा आयएफएससी कोड चष्मा पुसून पुसून वाचत असतात, तेवढ्यात भरलेली चार पाने नाहीशी होतात. संकेतस्थळांच्या सुलभतेची जी जागतिक नियमावली आहे, तिने सांगून ठेवले आहे की वेळ संपण्यापूर्वी सूचना द्यावी, एखादे बटण दाबून वेळ वाढवायला किमान २० सेकंद द्यावेत, आणि ही वाढ निदान दहा वेळा घेता यावी. सरकारी संकेतस्थळांसाठी आपल्याकडे जी मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांची २०२३ मधली तिसरी आवृत्तीही सुलभतेच्या याच चौकटीवर उभी आहे. म्हणजे नियम आहेच, तो पाळला जावा एवढेच मागणे आहे. भरलेला मजकूर तेवढा जपून ठेवला, तरी आमचा निम्मा त्रास वाचेल.

परतीच्या वाटेचा विचारही असाच राहून गेलेला दिसतो. चुकीचा अर्ज गेला, तर तो मागे घेता येतो का? बहुतेक ठिकाणी येत नाही. नामंजूर होण्याची वाट पाहावी लागते. हवाई बेटांवर १३ जानेवारी २०१८ च्या सकाळी क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा सर्वांच्या मोबाइलवर गेला, आणि तो चुकीचा असल्याचा दुसरा संदेश मोबाइलवर पोचायला ३८ मिनिटे लागली, कारण इशारा पाठवण्याचा मजकूर तयार होता आणि तो मागे घेण्याचा तयार नव्हता. तुम्ही पाठवण्याचे जे बटण आखता त्याच दिवशी, त्याच बैठकीत, मागे घेण्याचे बटणही आखले जावे. अधिकाऱ्याने अर्ज उघडेपर्यंत तो मागे घेता यावा आणि मागे घेतल्याची पोच मिळावी.

खाजगी ॲपबद्दल लिहिण्यासारखे खूप आहे, पण त्यांच्यावर आता कायद्याचा वचक येऊ लागला आहे, म्हणून लांबवत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीचे तेरा प्रकार ठरवले, त्यांत वर्गणी बंद करण्याची वाट लपवणे हा एक आहे. दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना २४ तास आधी द्यावी आणि तिथूनच नकार देता यावा, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे असावे असे कलम आहे. जर्मनीने १ जुलै २०२२ पासून करार रद्द करण्याचे बटण संकेतस्थळावर ठेवणे बंधनकारक केले आणि त्यासोबत एक गोष्ट अशी जोडली, जी मला सर्वांत मोलाची वाटते: रद्द केल्याची लेखी पोच, तारीख आणि वेळेसह, ताबडतोब दिली पाहिजे. आमच्या सार्वजनिक सेवांनी याबाबतीत खाजगी कंपन्यांच्या मागे राहू नये, पुढे असावे, कारण आमच्याकडे येणाऱ्या माणसाला दुसरे दुकान नसते.

माझी वही या पत्रासोबत देऊ करते. तिच्यात मागच्या जूनपासूनच्या शेवटच्या स्क्रीन उतरवलेल्या आहेत. नावे आणि क्रमांक मी खोडले आहेत, मजकूर जसाच्या तसा आहे. तुमच्यापैकी कोणाला ती हवी असेल तर झेरॉक्स काढून पाठवीन. त्यातली पाने वाचताना प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहावा अशी माझी विनंती आहे: हे वाचून समोरचा माणूस घरी जाऊ शकेल का? ज्या ओळीपुढे उत्तर ‘नाही’ येईल ती बदलावी, आणि सुरुवात त्या पांढऱ्या स्क्रीनपासून करावी, कारण पुढच्या जूनला प्रवेश पुन्हा सुरू होतील आणि ती आई धाकट्या मुलीचा दाखला काढायला माझ्याकडेच येणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली विनम्र,
तालुक्याच्या गावची एक सेवा केंद्र चालक